त्रेसष्ट नंबरचं पत्र

काकूंच्या घरात सगळं होतं, फक्त शिडी नव्हती. चौदा मापांचे पाने होते, तीन हातोड्या होत्या, दोन प्रकारचं ग्रीस होतं. प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा भिंतीवर काळ्या रंगानं काढलेली आणि त्या रेषेत ते हत्यार टांगलेलं, म्हणजे कुणी काही हलवलं की भिंतच चुगली करायची. एक रेषा मात्र कायम रिकामी. वाकड्या मानेचा, हातभर लांबीचा एक पाना तिथं असायला हवा होता, पण तो त्या घरात कधीच आला नव्हता. छताचा दिवा गेला की काकू टेबलावर स्टूल चढवायच्या, स्टुलावर स्वतः चढायच्या, जीव मुठीत धरून दिवा बदलायच्या, आणि तेही नवरा घराबाहेर पडल्यावर.

एकदा रंगाऱ्यानं स्वतःची शिडी आणली. काकूंचे यजमान, कप्तान, त्या दिवशी फिरून लवकर परतले. रंगारी वरच्या पायरीवर थांबून कोपरा न्याहाळत होता.

"पुढे हो," कप्तान खालून म्हणाले.

"पुढे कुठं होऊ साहेब? वर छत आहे," रंगारी हसला.

दुसऱ्यांदा कप्तान असे ओरडले की समोरच्या इमारतीतल्या बायका खिडक्यांत आल्या. तिसऱ्यांदा ते बोललेच नाहीत. दोन्ही हातांनी त्याचे घोटे धरले आणि ओढलं.

रंगारी हनुवटीवर आपटला. दोन दात फरशीवर, पांढरा रंग भिंतभर, आणि त्या पांढऱ्यात तांबडं मिसळत चाललेलं. कप्तान त्याच्या छातीवर बसून मुठीनं मारत होते, एक शब्द न बोलता, नेमून दिलेलं काम करावं तसं. काकूंनी मागून मानेत हात घालून त्यांना ओढलं तेव्हा कोपर लागून त्यांचाही ओठ फुटला. मग कप्तान उठले, बेसिनपाशी जाऊन ओकले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी माफीचं पत्र टाइप केलं. कार्बन लावून. एक प्रत रंगाऱ्याला, एक पेटीत.

त्या माणसाचं सगळं असंच होतं. काही फुटलं, की त्याची नोंद. आणि नोंदीची प्रत.

सोळाव्या वर्षी ते नौदलात शिकाऊ म्हणून लागले आणि छप्पन्नाव्या वर्षी कप्तान म्हणून बाहेर पडले, पण चाळीस वर्षांतली बहुतेक वर्षं समुद्र न बघता, जहाजाच्या पोटात, इंजिनापाशी गेली. "आमचे हे खलाशी म्हणजे नावाचे," काकू म्हणायच्या, "समुद्र माझ्यापेक्षा कमी बघितलाय त्यांनी." ते वारले तेव्हा मागे तीन काळ्या पत्र्याच्या पेट्या उरल्या. खिशातल्या डायऱ्या चौतीस. पंपांचे हातानं काढलेले नकाशे. गळक्या झडपांवर नौदलाच्या मासिकात छापून आलेला एक लेख आणि न छापलेले सात. घरात चहा कसा करावा याचा अकरा कलमी आदेश, ज्याच्या नवव्या कलमात कप विसळण्याची दिशा दिलेली होती. आणि पत्रं.

नौदलाचं एक संग्रहालय होतं. कप्तानांनी युद्धात पेटलेल्या जहाजातून नऊ माणसं बाहेर काढली होती, त्याबद्दल त्यांना पदक मिळालं होतं, आणि आता त्या संग्रहालयाला त्यांची सगळी कागदपत्रं हवी होती. एका काचेच्या कपाटावर त्यांचं नाव लागणार होतं. यादी करायला एक बाई यायच्या. पन्नाशीच्या, सुती हातमोजे घालणाऱ्या, पेन्सिलीखेरीज कशानंही न लिहिणाऱ्या. काकूंनी त्यांचं नाव दप्तरवाल्या ठेवलं होतं, आणि तोंडावरही तसंच म्हणायच्या.

आता पत्रांना नंबर का, ते सांगायला हवं. जहाजावरचं टपाल कधी एका बंदरात साठतं, कधी तीन महिन्यांचं एकदम येतं. आजची चिठ्ठी आधी, महिन्यापूर्वीची नंतर. बायको वाचते, 'आता पाय बरा आहे,' आणि पाय मोडल्याचं पत्र अजून वाटेतच. म्हणून त्या घरांत नवराबायको दोघंही पत्रांना नंबर घालतात आणि उत्तरात पहिली ओळ लिहितात, 'तुझं अमुक नंबरचं मिळालं.' कप्तानांची काकूंना आलेली पत्रं एकशे अठरा होती.

म्हणजे होती. दप्तरवाल्या यायच्या आधीच्या तीन दिवसांत काकूंनी त्यांची एकशे सतरा केली होती. त्रेसष्टावं काढून घेतलं. पण नंबरांत भोक पडलं तर कुणाच्याही डोळ्यांत येईल, म्हणून चौसष्टाचं त्रेसष्ट केलं, पासष्टाचं चौसष्ट, असं करत पंचावन्न पत्रांवर पात्यानं शाई खरवडली आणि नवे आकडे घातले. शंभरचं नव्व्याण्णव करताना एक शून्य उरलं, त्यावर डाग पाडला. ज्या माणसानं त्यांना आयुष्यभर शिकवलं होतं की नोंदीत खाडाखोड करायची नसते, चूक झाली तर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी आपली आद्याक्षरं घालायची, त्याच माणसाच्या पत्रांवर. पातं हातात धरून काकू रडल्या नाहीत. पण दर पत्रामागे "चुकलं, अहो" म्हणत गेल्या. पंचावन्न वेळा.

त्रेसष्टावं जाळून का टाकलं नाही? ते तर कप्तानांनीच सांगितलं होतं. शेवटची ओळ होती, 'वाच आणि जाळ.' काकूंनी वाचलं होतं, सव्वीस वर्षांच्या होत्या, दोन वर्षांचा मुलगा मांडीवर होता. काडी ओढली, विझू दिली, आणि उत्तरात लिहिलं, 'तुमचं त्रेसष्ट मिळालं. जाळलं.' त्यांनी नवऱ्याला मारलेली ती एकच मोठी थाप. त्या माणसानं उभ्या जन्मात त्यांना मनातलं सांगितलं ते एकदाच, त्या तीन पानांत. ती कशी जाळणार?

तर ते पत्र बिस्किटाच्या डब्यात, डबा स्वयंपाकघराच्या माळ्यावर, अगदी आत. घर बदललं तरी डबा माळ्यावरच. त्याहून सुरक्षित जागा नव्हती, कारण तिथं पोचायला शिडी लागायची.

यादी पुरी होत आली तेव्हा दप्तरवाल्यांनी फॉर्म काढला. "दोन्ही वारसांच्या सह्या लागतील, काकू. तुमची आणि मुलाची."

"तो यायचा नाही."

"बोलावून तर बघा."

मुलगा शहरांदरम्यान मालाचे ट्रक चालवायचा. वडिलांच्या अंत्यसंस्काराला आला होता तो फाटकाबाहेर उभा राहून परत गेला होता. त्याचा उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नसे. आठ वर्षांचा असताना चेंडू काढायला शिडीवर चढला, वर गेल्यावर खाली बघून घाबरला आणि पायरीला चिकटून बसला. खालून वडील. "पुढे हो!" मग दोन्ही पायांना धरून ओढ. हाड तीन ठिकाणी मोडलं. पोर किंचाळत होतं आणि कप्तान त्या किंचाळण्यातच करवत आणून शिडी कापत बसले होते, पायरी पायरी वेगळी होईपर्यंत. काकू एकट्या त्याला घेऊन दवाखान्यात पळाल्या. त्यानंतर त्या घरात शिडी आली नाही.

एकोणिसाव्या वर्षी शेवटचं भांडण. कशावरून ते आता दोघांनाही सांगता आलं नसतं. कप्तानांनी पट्टा काढला, बकलाचं टोक पोराच्या कानामागे बसलं, कातडी उघडली. पोरानं जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलली आणि बापाच्या खांद्यावर मोडली. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज काकूंनी स्वयंपाकघरातून ऐकला. पोरगा रक्त पुसत पायऱ्या उतरला, तो उतरलाच.

पण आईच्या फोनला तो आला. सकाळी अकराला ट्रक खाली लावून, चपला न काढता आत आला.

"कुठं सही?"

"बस तरी."

"गाडीत माल आहे, आई. कुठं सही?"

दप्तरवाल्या म्हणाल्या, "यादी वाचल्याशिवाय मी सही घेत नाही. नियम आहे."

"बापाच्याच गावच्या दिसताय," तो म्हणाला आणि बसला.

त्यांनी यादी वाचायला घेतली. डायऱ्या, नकाशे, लेख. अठराव्या डायरीपाशी त्या जराशा थांबल्या. "यात तुमच्याबद्दल एक नोंद आहे. 'मुलानं खुर्ची मारली. खांद्याचं हाड. बरोबर मारली.'"

मुलानं ऐकलं. हातमोज्यातल्या त्या बोटाकडे बघत राहिला. मग हसला, ते हसू काही बरं नव्हतं. "बरोबर मारली! शाबासकी पण डायरीला. मला सांगायला तोंड नव्हतं?"

"पुढे," दप्तरवाल्या चाचरत म्हणाल्या, "पत्रं. कप्तानसाहेबांची एकशे सतरा. आणि काकूंची त्यांना लिहिलेली एकशे नऊ."

काकूंना ती आत्ता आठवली. आपली पत्रं! तिसऱ्या पेटीच्या तळाशी, कप्तानांनी दोऱ्यानं बांधलेली. आपलंच लिहिलेलं, त्यात काय बघायचं, म्हणून त्यांनी ती सोडलीसुद्धा नव्हती.

"काकू, एक विचारायचं होतं. तुम्ही एका पत्रात लिहिता, 'तुमचं चौसष्ट मिळालं. जहाजावरच्या सुतारानं दाढ पकडीनं उपटल्याचं वाचून हसू आलं.' पण दाढेचं पत्र त्रेसष्ट नंबरचं आहे. पुढेही सगळीकडे एकाचा फरक. आणि त्याआधीच्या तुमच्या पत्रात फक्त एवढंच आहे, 'तुमचं त्रेसष्ट मिळालं. जाळलं.'" त्यांनी चष्मा काढला. "आकडे खरवडलेले दिसतात. भिंगाखाली."

"माझी चूक झाली असेल. मोजायची."

"पंचावन्न वेळा?"

"म्हातारी बाई आहे मी."

मुलगा उठला. "काय जाळलंस आई? एवढं काय होतं त्यात? देवमाणसाच्या कपाटात न मावणारं?" त्याचा आवाज चढला. "आयुष्यभर झाकत आलीस! माझा हात मोडला तेव्हा डॉक्टरला काय सांगितलंस? झाडावरून पडला! रंगाऱ्याचे दात मोडले तेव्हा? पाय घसरला! आता कागदं पण झाकतेस!"

त्यानं पेटीला लाथ मारली. ती आडवी झाली, डायऱ्या फरशीवर सांडल्या. दप्तरवाल्या मध्ये पडल्या तर त्यांना बाजूला ढकललं, त्या कपाटाच्या मुठीवर आपटल्या. त्यानं पत्रांचा गठ्ठा उचलला, दोरी दातांनी तोडली आणि फाडायला लागला. वरची चार पत्रं उभी फाटली. वाकड्या हाताला जोर येत नव्हता म्हणून टोक गुडघ्याखाली धरून फाडत होता, अगदी हिंस्रपणे, तोंडानं 'घे, घे' म्हणत.

काकूंनी त्याच्या थोबाडीत मारली.

जन्मात पहिल्यांदा. बांगडी फुटून त्याच्या गालावर रेघ उमटली. त्यानं उलट हात उगारला, आणि तो वाकडा हात वरच्या वर राहिला. दप्तरवाल्या कपाटापाशी कण्हत होत्या.

"खालच्या वायरमनकडून शिडी घेऊन ये," काकू म्हणाल्या.

"काय?"

"शिडी. जाळलं नाही मी. वर माळ्यावर आहे. माझ्यानं चढवत नाही. तुला बघायचंय ना? तू चढ."

तो शिडी घेऊन आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो ट्रकच्या टपावर मालाची ताडपत्रीसुद्धा क्लीनरला बांधायला लावायचा, हे काकूंना माहीत होतं. शिडी माळ्याला टेकवली. काकूंनी खालून दोन्ही हातांनी धरली. तो चढला. पाचव्या पायरीवर थांबला. पायरीला मिठी मारल्यासारखा चिकटला. काकूंच्या ओठांवर ते शब्द आले आणि त्यांनी ते गिळले. त्याचा एक पाय हलला. मग दुसरा. डबा हाताला लागला, त्याचं झाकण दातांनी उघडलं, आणि तो तिथंच, वरच्या पायरीवर बसून वाचायला लागला. मोठ्यानं. काकूंना ऐकवायला नव्हे. त्याला लहानपणापासून मोठ्यानंच वाचता यायचं.

"'तुला सगळे सांगतील की तुझ्या नवऱ्यानं नऊ जणांना वाचवलं. ते खोटं नाही. उरलेलं ऐक.

"'दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी पहिला बाँब मागच्या अंगाला बसला. लगेच दुसरा, आमच्यावर. मोठी वाफेची नळी फाटली. ती वाफ दिसत नाही, फक्त ऐकू येते. तिच्या वाटेत दोघं उभे होते. त्यांचं मी लिहीत नाही. खाली तेल पेटलं. दोन शिड्यांपैकी एक वाकून पडली. राहिलो अकरा जण आणि एक शिडी. सगळ्यांत वर शिट्टी, तो कामात शिट्टी वाजवायचा म्हणून शिक्षा झालेला, तुला सांगितलं होतं. त्याच्या मागे मी. माझ्याखाली नऊ. अधिकाऱ्यानं शेवटी चढायचं असतं. मी दुसरा होतो. हे कुणालाच सांगितलं नाही.

"'तो वरच्या पायरीवर पोचला आणि थांबला. डेकवर निघायचं लोखंडी झाकण वीतभर उघडं होतं, उजेड दिसत होता, आणि तो हलेना. मी ओरडलो, पुढे हो. त्यानं खाली बघितलं, काहीतरी म्हणाला, वाफेत ऐकू आलं नाही. मला वाटलं, घाबरून गोठला. खालची माणसं जळत होती ग. एकाचे केस पेटले होते आणि तो दुसऱ्याच्या पाठीवर घासून विझवत होता. मी शिट्टीचे पाय ओढले. सुटेना. कमरेला झडपेचा पाना होता. आधी मी त्याच्या हातावर मारला. मग डोक्यावर. तीनदा. तिसऱ्या फटक्याला तो माझ्या खांद्यावरून गेला, नऊ जणांच्या पाठींवरून घसरत, खाली आगीत. त्याच्यामागून पानाही गेला.

"'मी वर पोचलो तेव्हा दिसलं. दुसऱ्या धक्क्यानं झाकण त्याच्या हातावर पडलं होतं. उजव्या हाताची चार बोटं कडेखाली चिरडून अडकली होती. तो गोठला नव्हता. अडकला होता, आणि खांदा लावून ते झाकण वर रेटत होता. बोटं तिथंच राहिली होती. मी त्यांच्यावरून बाहेर आलो. झाकण मला उचलता आलं, कारण माझे दोन्ही हात मोकळे होते.

"'चौकशीत सांगितलं, आगीत गेला. त्याच्या आईला लिहिलं, क्षणात गेला, त्रास झाला नाही. हे वाच आणि जाळ.'"

मुलगा खाली उतरला नाही. तिथून त्याला स्वयंपाकघराच्या दारातून समोरची भिंत दिसत होती, हत्यारांची, आणि त्यातली ती रिकामी रेषा. तो म्हणाला, "मी शिडीवर अडकलो होतो, तेव्हा त्याला मी नव्हतो दिसत."

"नाही."

"मग कोण मेलं, कुणाचा हात मोडला, काय हिशेब लागतो का याचा?"

"लागत नाही."

"तरी तू मला सांगायला हवं होतंस."

"हो," काकू म्हणाल्या.

दप्तरवाल्या कमरेला हात लावून दारात उभ्या होत्या. "काकू, हे यादीत घेतलं तर कपाटावर नाव लागणार नाही बहुतेक. पदकाचा विषय निघेल. न घेतलं तर मला 'त्रेसष्ट उपलब्ध नाही' असं लिहून पुढे जाता येईल. मी काही पाहिलं नाही. सांगा."

काकूंनी पदराला हात पुसले. "शिट्टीची आई गेली. पण बहीण आहे. हे दरवर्षी त्या तारखेला लिहायचे तिकडे, आधी आईला, मग बहिणीला. आधी तिला वाचू दे. तिनं म्हटलं तर यादीत, तिनं म्हटलं तर चुलीत."

"ती जीव घेईल तुझा," मुलगा म्हणाला.

"घेऊ दे. तू सोडशील ना तिकडे?"

त्यानं माल पोचवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला ट्रकच्या केबिनमध्ये चढवलं. पाच तासांचा रस्ता. मधे एकदाच तो बोलला, "सीटखाली पाणी आहे."

बहिणीचं इस्त्रीचं दुकान होतं. एका खोलीत टेबल, वर ढिगानं शर्ट, मागे पडदा. पासष्टीची, दंडांत अजून ताकद असलेली बाई. कप्तानांची बायको म्हटल्यावर तिनं घाईनं खुर्ची पुसली. "साहेब गेल्याचं वाचलं हो पेपरात. माझी आई मरेस्तोवर म्हणायची, एवढा मोठा अधिकारी, पण माझ्या पोराला विसरला नाही." फळीवरून तिनं पत्र्याचा डबा काढून दाखवला. सगळी पत्रं, वर्षाला एक, बेचाळीस.

काकूंनी तीन पानं तिच्या हातात दिली. "हे त्यांच्याच हातचं आहे. तेव्हाचं."

बहिणीनं इस्त्री उभी करून ठेवली आणि वाचलं. ओठ हलवत, एकेक शब्द. संपल्यावर पहिल्यापासून पुन्हा. बाहेर मुलगा ट्रकला टेकून उभा होता.

"उजवा हात?" तिनं विचारलं.

"उजवा."

"डावखुरा होता तो. शिट्टी वाजवताना डाव्या हातानं ताल धरायचा." ती तोच हात टेबलावर आपटत राहिली, ताल नव्हता त्याला, नुसतंच आपटणं. "डावा मोकळा होता म्हणजे. डाव्या हातानं शिडी धरली असेल. सोडली असती तर पडला असता, खालच्यांवर. म्हणून नाही सोडली." मग तिनं काकूंकडे पाहिलं. "आणि तुम्हाला हे किती वर्षं माहीत?"

"तेव्हापासून."

"त्रेचाळीस."

"हो."

"आई दर पत्र छातीशी धरून रडायची. तुम्हाला माहीत होतं."

"हो."

तो डबा पत्र्याचा, जड, कडा धारदार. तो येताना काकूंना दिसला आणि त्यांनी मान वळवली नाही. डाव्या भुवईवर बसला. खुर्ची मागे कलंडली, डोकं चौकटीवर आपटलं, डोळ्यात रक्त उतरलं आणि त्या तांबड्या पडद्याआड बेचाळीस पत्रं सगळीकडे पडताना दिसली. बहीण टेबलाला वळसा घालून आली, काकूंच्या केसांना धरलं आणि दोनदा, तीनदा हलवलं. "क्षणात गेला! क्षणात! त्रास नाही!" मुलगा धावत आत आला, तिचं मनगट धरलं. "सोड तिचा हात," काकू रक्त गिळत म्हणाल्या. "सोड रे. मोडशील."

त्यानं सोडला. बहीण खाली बसली, कपड्यांच्या ढिगाला पाठ लावून. किती तरी वेळ इस्त्रीचा वास येत राहिला. झटापटीत इस्त्री आडवी पडून कुठलासा शर्ट करपत होता. कुणीच उठलं नाही. शेवटी मुलानंच इस्त्री बाजूला केली.

"घेऊन जा हे," बहीण म्हणाली. "सगळं. त्याचं खोटं पण घेऊन जा आणि खरं पण. काचेत ठेवा, नाही तर खड्ड्यात घाला. पण एकत्र ठेवा. वाचणाऱ्याला दोन्ही वाचता आली पाहिजेत." मुलगा वाकून पत्रं गोळा करायला लागला तशी ती म्हणाली, "आणि त्याचं नाव लिहा. शिट्टी नाही. कागदावर खरं नाव." तिनं ते सांगितलं. मुलानं खिशातल्या पेनानं तळहातावर लिहून घेतलं.

काकूंच्या भुवईला चार टाके पडले. दोन दिवसांनी दप्तरवाल्या आल्या तेव्हा काकूंचा डोळा वांग्यासारखा सुजला होता आणि मायलेक टेबलाशी बसले होते. तो पंचावन्न पत्रांतलं एकेक पुढे सरकवत होता, फाडलेल्या चारांना चिकटपट्टी लावून. काकू चुकीच्या आकड्यावर एक आडवी रेघ मारायच्या, वर खरा आकडा घालायच्या, शेजारी आद्याक्षरं.

"हे असं चालतं?" मुलानं विचारलं.

"हेच चालतं," दप्तरवाल्या म्हणाल्या आणि हातमोजे चढवले. "कपाटाचं वरिष्ठांना कळवलंय. नाव लागणार नाही, कागद मात्र घेणार." त्यांनी यादी उघडली. त्रेसष्ट नंबरपुढे तीन पानं, अशी नोंद केली. मग बहिणीकडचा गठ्ठा घेतला. बेचाळीस पत्रं. वरच्या पत्राला गंजासारखा मोठा डाग होता. त्यांच्या यादीत एक रकाना असतो, कागदाच्या अवस्थेचा: वाळवी, ओल, फाटलेलं, डाग.

"डाग कसला, काकू? शाईचा नाही हा."

"रक्त."

पेन्सिल थांबली. "कुणाचं, तेही लिहावं लागतं."

"लिहा की," काकू म्हणाल्या, आणि चौऱ्याण्णवावर रेघ मारून त्यांनी वर पंच्याण्णव घातलं. "माझं."